नाव येथे

घाबरलेल्या माणसाची ततपप होते म्हणतात. माझी नुसतीच पप होते. 'त'ने मला आयुष्यात कधी त्रास दिला नाही. तलाठी, तहसीलदार, तंबाखू, सगळं धाडधाड बोलतो. पण 'प' आला की ओठ एकमेकांना चिकटतात आणि सुटायचं नाव घेत नाहीत. समोरचा माणूस आधी वाट बघतो, मग माझ्या ओठांकडे बघतो, मग नजर चुकवतो आणि शेवटी मला जे म्हणायचं असेल ते स्वतःच म्हणून मोकळा होतो. बहुतेक वेळा तो चुकीचं म्हणतो. तरी मी मान हलवतो, कारण दुरुस्त करायचं तर परत बोलावं लागणार. अशा रीतीने मी नको त्या रंगाचे शर्ट घातलेत, नको त्या डॉक्टरकडून गोळ्या आणल्यात, आणि 'पनीर नको' म्हणायला गेलो तेव्हा दोघांचं पनीर एकट्याने संपवलंय.

तोतऱ्या माणसाचा शब्दसंग्रह मात्र दांडगा असतो. एक शब्द अडला की दुसरा शोधावा लागतो. पाणी म्हणता येत नाही म्हणून मी हॉटेलात 'थोडं जल मिळेल का?' असं विचारायचो, आणि वेटर मला कीर्तनकार समजून वाकून नमस्कार करायचे. पंचवटीला जायचं असलं की कंडक्टरकडे तिथल्या निमाणी स्टँडचं तिकीट मागायचं. मिसळ खाताना जादा पाव हवे असले तर नुसती बोटं वर करायची. पुण्याला मी 'विद्येचं माहेरघर' म्हणायचो. लोकांना वाटायचं, टोमणा मारतोय. खरं तर माझ्या विनोदाला पहिला हशा तिथेच मिळाला, आणि मला तो हवाही नव्हता.

पण एका शब्दाला दुसरा शब्द नसतो. स्वतःच्या नावाला. माझं नाव 'प'वरून आहे. 'आपलं नाव काय?' हा जगातला सगळ्यात सोपा प्रश्न, आणि तो आला की माझ्या तळहातांना घाम फुटतो. ते नाव मी इथेही सांगत नाही. लिहिताना मी अडखळत नाही, तरी टाळायची सवय लागली ती लागली.

त्यात जन्मलो ती कॉलनी बोलणाऱ्यांची. जयंती आली की विहारासमोर स्टेज लागायचं आणि घरटी एकेक पोर भाषणाला उभं राहायचं. आमच्या आजोबांच्या पिढीला गावात चार माणसांसमोर तोंड उघडायची सोय नव्हती. वडील शहरात येऊन कारखान्यात लागले, डोक्यावर छप्पर आलं, आणि मग त्या सगळ्या बापांनी मिळून एकच हौस केली, ती म्हणजे आपली पोरं माईकवर बोलली पाहिजेत. आज मला ती हौस कळते. तेव्हा मात्र मी स्टेजच्या पायरीवर बसून ताप यावा म्हणून काखेत कांदा धरला होता. ताप आला नाही. वर गेलो, 'पूज्य' गाळून नुसते 'गुरुजन' म्हणालो, आणि 'माझे नाव' इथपर्यंत जाऊन तिथेच राहिलो. सूत्रसंचालन करणाऱ्या काकांनी थोडी वाट पाहिली, मग माईक काढून घेऊन म्हणाले, 'नाव विसरला वाटतं. टाळ्या होऊन जाऊ द्या!' टाळ्या झाल्या. बक्षिसाची कंपासपेटीही मिळाली. घरी येताना ती वडिलांनी स्वतःच्या हातात धरली होती आणि ते माझ्या चार पावलं पुढे चालत होते.

पुढे बोलावं लागणार नाही असं काम शोधता शोधता मी फ्लेक्सच्या दुकानात डिझायनर झालो. गिऱ्हाइकांशी मालक बोलायचे, मी मागे कंप्युटरवर. नाशिकमध्ये या धंद्याला मरण नाही. वाढदिवस, दहावा, हॉटेलचं उद्घाटन, दहावी झालेली मुलगी, नवीन ट्रॅक्टर, सगळ्याचा फ्लेक्स लागतो. ज्याला धड नाव सांगता येत नव्हतं तो माणूस शहरभर हातभर अक्षरांत बोलत होता. मला ते बरं वाटायचं.

लग्नही याच दुकानात असताना झालं. बघायला गेलो तेव्हा रिवाजाप्रमाणे मुलीला नाव विचारलं, तिने खणखणीत सांगितलं. मग तिच्या मामांनी हौसेने विचारलं, 'आणि आपलं?' मी सुरू झालो. काही वेळाने माझ्या चुलत्यांनी माझं नाव सांगून टाकलं. नंतर बायको म्हणाली, 'मला वाटलं, हा माणूस मला बघून स्वतःचं नाव विसरला. म्हणून तर हो म्हटलं.' ती शाळेत शिक्षिका आहे, रोज घोटीकडे बसने जाते-येते, आणि तिला वर्ग कसा गप्प बसवायचा ते माहीत आहे. मला कसं बोलतं करायचं ते तिलाही माहीत नव्हतं. म्हणून गॅसवाला, वाणी, माझी सासू, सगळ्यांशी तीच बोलायची. लग्नानंतर आम्ही नवीन वसाहतीत राहायला गेलो. तिथे माझं तोतरेपण कोणालाही माहीत नव्हतं, कारण तिथे मी कोणाशी बोललोच नव्हतो. गल्लीत माझी ख्याती शिष्ट माणूस अशी होती.

आणि मग शहरातल्या निवडणुका रखडल्या. जुन्यांची मुदत संपली, कारभार प्रशासकाकडे गेला, आणि निवडणूक आज लागेल, उद्या लागेल करता करता वर्षं गेली. शहरात माजी नगरसेवक होते, भावी नगरसेवक होते, आजी मात्र एकही नव्हता. भावींना तर ऊत आला होता. रोज एक नवा भावी दुकानात यायचा, फोटो द्यायचा. हात जोडलेला एक, आणि फोन कानाला लावलेला एक. हे सगळे जण फोटोत कोणाशी बोलत असतात हे मला अजून कळलेलं नाही.

रोज तेच काम म्हणून मी एक नमुना करून ठेवला. वर उगवता सूर्य, बाजूला 'विकासाचा ध्यास' आणि मधे माणूस. माणसाच्या जागी कोणीतरी हवं म्हणून माझाच फोटो टाकला. त्याला कंप्युटरवर जाड मिशी चिकटवली, गॉगल लावला, गळ्यात उपरणं घातलं. खाली 'भावी नगरसेवक' आणि त्याखाली सगळ्यात मोठ्या अक्षरांत 'नाव येथे'. भावी आला की माझं मुंडकं काढायचं, त्याचं लावायचं आणि नाव टाकायचं. एकदा घाईत मशीनवाल्याने भलतीच फाईल छापली. कार्यकर्त्यांनी ती न वाचता नेली आणि आमच्याच चौकात बांधून टाकली. मी सकाळी दूध आणायला निघालो तर विजेच्या दोन खांबांच्या मधे मी. भला मोठा, मिशीसकट, हात जोडून.

हे चुकून झालंय, असं एकाही माणसाला वाटलं नाही. दूध घेताना मागे दोघांचं बोलणं चाललं होतं.

'कोण उभं राहिलं हो?'

'नाव येथे.'

'कुठले?'

'आपल्याच भागातले म्हणे. चांगला माणूस आहे, ऐकलंय.'

ज्या खऱ्या भावीचा तो फ्लेक्स होता तो तणतणत दुकानात आला. आपला फ्लेक्स चुकला याचं त्याला एवढं काही नव्हतं. तो मालकांना बाजूला घेऊन विचारत होता, 'खरं सांगा शेठ, हा नाव येथे कोणाचा माणूस आहे? वरून कोणाचा हात आहे याच्यावर?' मी कंप्युटरमागे खाली वाकून वायर शोधत असल्याचं सोंग करत होतो.

गल्लीतल्या पोरांनी मात्र मला ओळखलं. वसाहतीच्या स्नेहसंमेलनात 'नाव येथे' म्हणून बोला, असा त्यांनी धोशा लावला. नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागणार होतं, आणि कारण 'प'वरच येऊन थांबत होतं. नाटकाचे कपडे भाड्याने देणाऱ्याकडून त्यांनी मिशी आणली. माझे आईवडीलही आले होते. मी वर गेलो, हात जोडले आणि तोंड उघडलं.

'प्रभागातील पाणीपुरवठ्याच्या प्रश्नाचा पाठपुरावा करण्यासाठी पालिकेकडे प्रस्ताव पाठवला असून पुढच्या पंधरवड्यात प्रत्यक्ष पाईप पडायला प्रारंभ होईल!'

एका दमात. एकदाही न अडता. पुढाऱ्याची भाषा तुम्ही कधी नीट ऐकलीय का? तिच्यात 'प'शिवाय काही नाही. पत्रकार परिषद, पक्षश्रेष्ठी, पदाधिकारी, पायाभूत सुविधा. आयुष्यभर ज्या अक्षराला बघून मी रस्ता बदलत होतो ते त्या दिवशी नळातून धो धो वाहिलं. लोक खुर्च्यांवरून खाली येत होते हसून हसून. निधी मंजूर आहे, फक्त तो येताना ट्रॅफिकमध्ये अडकलाय, असं मी म्हणालो. चौकातल्या खड्ड्याला मी तलावाचा दर्जा मिळवून देणार, आणि तिथे बोटिंग सुरू करणार, असंही म्हणालो. खाली उतरलो तेव्हा बायको माझ्याकडे चेहरा नीट आठवत नसलेल्या माणसाकडे बघावं तशी बघत होती. वडील हसले नव्हते. ते एवढंच म्हणाले, 'म्हणजे येत होतं तुला.'

यात जादू काही नाही, हे मला नंतर कळलं. गाताना जसं अडत नाही तसं दुसऱ्याचं सोंग घेऊन बोलताना पुष्कळ तोतऱ्यांचं अडत नाही. तेव्हा मला वाटलं, गुण मिशीचाच आहे.

मग आमची गाडी सुसाट सुटली. बायको मोबाईलवर शूटिंग करायची. रविवारी आम्ही खड्डे शोधत फिरायचो आणि मी त्यांचं भूमिपूजन करायचो. खड्ड्याला हार, कुदळीला कुंकू, फीत कापायची आणि नारळ फोडायचा. नारळ एकच होता. तो फुटू नये म्हणून मी दर वेळी तो फुटायच्या आतच भाषण सुरू करायचो. बायको वर्गातल्यासारखी 'परत' म्हणायची, की परत. ग्रुपांवर आमचे व्हिडिओ फिरायला लागले. लोकल केबलवाल्याने बातम्यांनंतरची जागा दिली. लग्नं, कॉलेजांची गॅदरिंगं, राईस मिलची उद्घाटनं, सगळीकडून बोलावणी आली. देवळ्याला कांदा व्यापाऱ्यांच्या कार्यक्रमात मी म्हणालो, 'कांद्याला भाव नसेल, पण तुम्हाला भावी आहे!' तिथले शेतकरी असे हसले की व्यापाऱ्यांना हसावंच लागलं.

खरे भावी आधी चिडले. एकाचे कार्यकर्ते दुकानात येऊन म्हणाले, 'आमच्या साहेबांची नक्कल का करता?' मी मिशी लावून विचारलं, 'कोणते साहेब?' ते एकमेकांकडे बघायला लागले, कारण हो म्हटलं तर साहेब तसे आहेत हे कबूल होत होतं. पुढच्या आठवड्यात दुसऱ्या भावीचा निरोप आला, की सगळ्यांची करता, आमची का नाही? माजींमधले एक वयस्कर गृहस्थ तर स्वतःच्या मिशीचा जुना फोटो घेऊन आले होते. आपलीच ओरिजिनल आहे, हे त्यांना नोंदवून ठेवायचं होतं.

इथवर सगळं मजेचं होतं. मग लोकांनी कामं आणायला सुरुवात केली.

पहिली आली ती मावशी. मावशी म्हणजे आमच्या गल्लीच्या टोकाला राहणारी बाई. माहेर देवळ्याकडचं, पंचवटीच्या बाजारात भाजी विकायची, आणि तिचा आवाज रामकुंडावरून हाक मारली तर गल्लीत ऐकू यावा असा. तिच्या नळाला पाणी यायचं ते करंगळीएवढं, तेही गढूळ. ती दुकानाच्या काउंटरवर पालकाची जुडी ठेवून उभी राहिली.

'भाऊ, माझ्या पाण्याचं बघ.'

मालक म्हणाले, 'मावशी, हे नाटकातले आहेत. खरे नाहीत.'

'खरे कुठं हायेत मंग? दाव मला.'

शहरात खरा एकही नव्हता. खोटा निदान दुकानात बसलेला होता. तिने पुढे सांगितलं, 'खऱ्यांच्या मागं लय फिरले मी. त्ये फोन उचलत नाय. तू उचलतो.'

मी मिशी लावली आणि पालिकेच्या पाणी खात्यात फोन लावला. मिशी फोनवर दिसत नाही हे मलाही कळतं, पण त्याशिवाय माझा 'प' सुटत नव्हता. पलीकडच्या माणसाने विचारलं, 'कोण बोलतंय?' मी म्हणालो, 'नाव येथे.' तो म्हणाला, 'अहो, नाव सांगा ना.' मी म्हणालो, 'तेच सांगतोय. नाव येथे!' आवाज असा टाकला होता की तो बिचारा खुर्चीतून उठला असावा. 'हो साहेब, पाठवतो साहेब,' म्हणाला. दुपारी खरंच एक माणूस आला, त्याने व्हॉल्व्हची चाकी फिरवली, आणि दोन-चार दिवस मावशीच्या नळाला बरं पाणी आलं. मग परत करंगळी. पण तोवर बातमी पसरली होती. दुकानापुढे रांग लागायला लागली. चेंबर तुंबलंय, दिवा बंद आहे, कुत्री फार झालीत. एका जोडप्याने घटस्फोटाबद्दल विचारलं.

सोंग चांगलं जमत असलं की ते उतरवावंसं वाटत नाही. मी बँकेत मिशी लावून जायला लागलो. आमच्या मुलीच्या शाळेत पालकसभेला मिशी लावून गेलो; बाई हसल्या, मुलगी हसली नाही. सासूबाईंशी मी आयुष्यात पहिल्यांदा फोनवर बोललो, तेही नाव येथे म्हणून. त्या 'जावई किती बोलके झाले' म्हणून खूश. घरातही तेच. बायको म्हणाली, सुट्टीत चार दिवस कुठेतरी जाऊ या. मी म्हणालो, 'आपला प्रस्ताव विचाराधीन आहे.' तिने हातातलं लाटणं ओट्यावर ठेवलं.

'मिशी काढून बोला.'

मी काढली. आणि मग काहीच बोलता आलं नाही. पूर्वी 'प' अडायचा. आता त्याने आपले भाऊबंदही आणले होते, 'फ', 'ब', 'भ', 'म'. ओठ मिटावे लागतात असं एकही अक्षर मला सोडत नव्हतं. ती वाट बघत होती. मी हात पुढे करून मिशी परत उचलली. ती म्हणाली, 'राहू द्या,' आणि पोळ्या लाटायला लागली. त्यानंतर बरेच दिवस आमच्यात भाजी काय करायची एवढंच बोलणं होतं.

मे महिन्यात मुलगी आजोळी गेली होती. तिचा फोन आला, मी घेतला आणि सवयीने सुरू झालो. 'प्रिय मतदार भगिनी, आपल्या पक्षाला आपली प्रकर्षाने आठवण येते!' ती खूप हसली. मी आणखी दोन वाक्यं टाकली. ती आणखी हसली. मग म्हणाली, 'बस झालं. आता बाबांना द्या.'

मी फोन धरून उभा राहिलो. तिने परत म्हटलं, 'हॅलो? बाबांना द्या ना.' ती चेष्टा करत नव्हती. तिला मी हवा होतो, तो अडखळणारा, आणि मी दोनदा ओठ उघडले तरी आवाज फुटला नाही. फोन मी बायकोला दिला. मला स्टेजची भीती वाटली आहे, नावाची वाटली आहे, पण त्या दिवशी जी वाटली ती निराळी होती. मिशीवाला राहील आणि मीच जाईन, आणि कोणाच्या लक्षातही येणार नाही, कारण तो जास्त मजेदार आहे, असं मला वाटलं. मी बाथरूममध्ये नळ सोडून रडलो. नळाला पाणी नव्हतं, त्यामुळे बाहेर ऐकू गेलं.

बायकोने कुठूनतरी वाचा-उपचार करणाऱ्या एका बाईंचा पत्ता काढला. बाई वयाने माझ्याहून लहान होत्या. मला वाटलं, त्या 'प' सोडवून देतील. त्या म्हणाल्या, 'अडखळा.' मी म्हटलं, ते तर येतंच. 'नाही, तुम्ही लपवता. लपवायची तुम्हाला इतकी सवय झालीय की अडखळायची राहिलीच नाही. चार लोकांसमोर अडखळा आणि पळू नका. शब्द बदलू नका. सोंग घेऊ नका.' परतताना सिग्नलला स्कूटर थांबवून मी बायकोला म्हणालो, फी घेऊन तोतरं बोलायला शिकवतात. हे वाक्य मी मिशीशिवाय बोललो होतो. त्याला इतका वेळ लागला की सिग्नल दोनदा सुटला आणि मागच्या रिक्षावाल्याने मला आईवरून काहीतरी ऐकवलं. बायको मात्र हसत होती, आणि ते हसणं मला पुष्कळ दिवसांनी मिळालं होतं.

त्याच सुमारास आमच्या भागातल्या सभागृहात तक्रारी ऐकायला पालिकेचा एक अधिकारी येणार असल्याचं कळलं. सूचना लागली होती: प्रत्येकाने स्वतःचं नाव सांगून तक्रार मांडावी, वेषभूषा करून आलेल्यांना बोलू दिलं जाणार नाही. ही सूचना माझ्या एकट्यासाठी काढली होती. मला अभिमान वाटला, आणि 'स्वतःचं नाव' एवढे दोन शब्द मी परत परत वाचले. मावशी घरी आली.

'गल्लीच्या वतीनं तूच बोलायचं, भाऊ. तुझ्यासारखं कोन बोलतं?'

मी बायकोकडे पाहिलं. ती वह्या तपासत होती. वर न बघता म्हणाली, 'मी येईन. बसेन. पण तुमच्याऐवजी बोलणार नाही.'

सभागृह भरलेलं होतं. अर्धे लोक तक्रारी घेऊन आले होते, अर्धे मला ऐकायला. मी बिनमिशीचा, साध्या शर्टात. माझा वरचा ओठ उघडा पडल्यासारखा गार लागत होता. एकेकाला बोलावता बोलावता माझा नंबर आला. अधिकारी सभ्य माणूस होता. त्याने मान वर केली.

'नाव?'

मी माईक धरला. 'प,' म्हणालो. 'प. प. प.'

आणि सगळं सभागृह हसलं. साधं हसू नव्हे, शिट्ट्या वाजल्या. 'नवीन आयटम!' असं कोणीतरी ओरडलं. मोबाईल वर झाले. मावशी पहिल्या रांगेत मांडीवर थाप मारून हसत होती. अधिकाऱ्यालाही हसू आवरत नव्हतं, तोही माझे व्हिडिओ बघत असावा. माझं तोतरेपण इथे कोणालाही माहीत नव्हतं. त्यांना ही नक्कल वाटत होती, आणि नक्कल म्हणून ती अफाट चालली होती.

ज्याने कधी लोकांना हसवलंय त्यालाच कळेल की त्या क्षणी काय होतं. मला फक्त एक भुवई उंचवायची होती. भुवई उंचवली असती, एकदा घसा खाकरला असता, की सगळी नक्कलच ठरली असती. जयंतीच्या स्टेजवरची, बघण्याच्या कार्यक्रमातली, सगळी. सभागृह माझं झालं असतं. एका तोतऱ्याचा नवा खेळ जन्माला आला असता आणि शहरात धो धो चालला असता. मी मागे बघितलं. बायको शेवटून दुसऱ्या रांगेत बसली होती. ती हसत नव्हती, खुणावत नव्हती, मदत करत नव्हती. नुसती बघत होती.

मी भुवई हलवली नाही. 'प,' म्हणालो. माझी मान एका बाजूला ओढली जाते, डोळा मिटतो, ते सगळं होऊ दिलं. 'प. प.' हसणं पहिल्यांदा कडेने कमी झालं. मग मधूनही विरळ व्हायला लागलं. एकाने उगाच टाळी वाजवली, त्याला कोणी साथ दिली नाही. मोबाईल एकेक करत खाली आले. मग पंख्यांचा आवाज ऐकू यायला लागला. अधिकाऱ्याने पेन खाली ठेवलं. कोणीतरी पुटपुटलं, 'अरे, खरंच.' ती शांतता त्या हशापेक्षा जड होती, आणि माझ्या शर्टाची पाठ भिजून गेली होती. पण आत कुठेतरी मी निवांत झालो होतो. आता लपवायला काही शिल्लक नव्हतं. माझं नाव तीन तुकड्यांत बाहेर पडलं, पण पडलं. माईकवर, माझ्या आवाजात.

अधिकाऱ्याने ते लिहून घेतलं. मग अगदी हळू, जणू त्याचीच चूक असावी तसं, विचारलं, 'आडनाव?'

माझं आडनावही 'प'वरून आहे.

मला हसू आलं. ते मला आवरेना. सगळे माझ्याकडे गोंधळून बघत होते, कोणाला हसावं की नाही तेच कळत नव्हतं. तेवढ्यात मावशी उभी राहिली. डोळे पुसले तिने पदराने. सगळ्यात जास्त तीच हसली होती. म्हणाली, 'सावकाश बोल रं भाऊ. पानी काय आत्ता येनार हाय का?'

मग सगळेच हसले. मीसुद्धा. आणि मग मी सावकाश बोललो. आडनाव, गल्ली, नळ, करंगळी, गढूळपणा, सगळं. फार वेळ लागला. माझ्यामागे अजून पुष्कळ जणांच्या तक्रारी राहिल्या होत्या, आणि जेवायची वेळ टळून गेली होती. कोणी उठून गेलं नाही.